आणखी एक दिवा

दिवाळी आली की आमच्या घरी दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. पणत्या किती लावायच्या? आईच्या काळी पाच पुरत. सौ. म्हणते पंचवीस हव्यात, आणि मुलगी एकावन्नावर अडून बसते. तेलाचा खर्च सोडला तर या वादात कोणाचेच नुकसान नाही. पंचविसांच्या शेजारी सव्विसावी पणती लावली म्हणून पहिलीची ज्योत तसूभरही खाली येत नाही. प्रत्येकीचे तेल तिच्याच पोटात, वात तिच्याच ओठावर, आणि वारा आला तर विझायची ती एकटीच विझते.

विजेच्या दिव्याचे तसे नाही. ही साधी गोष्ट मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घराच्या गॅरेजात, एका शिडीच्या पायथ्याशी उभे असताना कळली. ती कळली त्या प्रसंगाने मला इतकी लाज आणली की पुढचे दोन महिने मी सवड मिळेल तेव्हा विजेच्या दिव्यांचा इतिहास वाचत बसलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा या लेखात शास्त्र थोडे आहे. गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

गॅरेज हा शब्द आमच्या घरापुरता फसवा आहे. वडिलांनी घर बांधले तेव्हा पुढेमागे आपल्या दारात मोटार उभी राहील अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून घराच्या डाव्या अंगाला त्यांनी दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशी एक खोली काढली, तिला लोखंडी शटर लावले आणि छताच्या मध्यावर एक दिवा टांगला. मोटार काही आली नाही. खोलीत आधी सायकली आल्या, मग स्कूटर, मग मोडक्या खुर्च्या. गेली सहा वर्षे संध्याकाळी सात ते नऊ तिथे दहावीची मुले बसतात. शाळेत ज्यांना गणित उमगले नाही आणि शिकवणी लावण्याची ज्यांच्या घरची ऐपत नाही, अशी वीस-बावीस मुले. दिवा एकच, तोही मध्यावर. त्यामुळे भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्यांच्या वह्यांवर त्यांच्याच डोक्यांची सावली पडते. यंदा गणपती झाल्यावर मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मला शून्य आणि सहा सारखेच दिसतात." मी ठरवले, दिवाळीच्या आत छतावर आणखी तीन दिवे लावायचे.

वायरमन आले. साठी उलटलेले गृहस्थ. वडिलांच्या वेळेपासून ओळखीचे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. मला वाटले, तासाभराचे काम. जुन्या दिव्यापाशी तार आलेलीच आहे, तिथूनच तीन फाटे काढायचे! काकांनी मेन बंद केली, टेस्टर लावून खात्री करून घेतली, शिडीवर चढून छताला चिकटलेल्या गोल डबीचे झाकण फिरवले आणि वरून काही बोलेनातच. थोड्या वेळाने ते खाली उतरले आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. दोन तारांची पिळलेली गाठ होती ती. वरची टेप करपून कोळसा झालेली, तारेवरचे वेष्टण बोटात धरताच चुरा होणारे.

"मास्तर, हा जॉइंट कुणी मारला?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते मी शेवटी सांगणारच आहे. पण आणखी एक दिवा लावणे ही वरवर इतकी सोपी दिसणारी गोष्ट माणसाला किती अवघड गेली आहे, ते आधी पाहिले पाहिजे.

*

१८७८ साली पॅरिसच्या ऑपेराकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले आणि सारे युरोप ते पाहायला लोटले. ते आजच्यासारखे काचेचे गोळे नव्हते. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीची कमान पेटायची आणि तिचा प्रकाश डोळ्यांनी पाहवत नसे. रस्त्याला तो ठीक. पण माजघरात असला दिवा कोण लावून घेईल? शिवाय हे दिवे माळेत ओवल्यासारखे एकामागून एक जोडलेले असत. अशा जोडणीची खोड आपल्याला चांगली ठाऊक आहे. दिवाळीला आकाशकंदिलाभोवती बारीक दिव्यांचे तोरण सोडावे आणि त्यातला एक इवलासा दिवा गेला की सगळे तोरण काळोखात जावे, हा अनुभव कोणाला नाही?

तेव्हा त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढे प्रश्न असा होता: एका यंत्राची वीज वाटून अनेक लहान दिवे लावता येतील काय, आणि त्यातला कोणताही एक, बाकीच्यांना धक्का न लावता, लावता-विझवता येईल काय? 'विजेच्या प्रकाशाची विभागणी' हे त्या प्रश्नाचे नाव. इंग्लंडच्या टपाल खात्यातले मोठे वीजतज्ज्ञ विल्यम प्रीस यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत ठणकावून सांगितले की ही विभागणी म्हणजे शुद्ध चकवा आहे. माणूस त्याच्यामागे धावेल आणि दलदलीत फसेल. प्रीस काही अडाणी नव्हते. त्यांचे गणित त्या वेळच्या दिव्यांपुरते बरोबर होते. दिवे वाढवत गेले की तारेतून जाणारा प्रवाह वाढतो, आणि जूल यांनी १८४१ सालीच दाखवले होते की प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते. उष्णता आवरायची तर तार जाड हवी. घरोघर दिवे द्यायचे म्हटले तर शहराच्या पोटात इतके तांबे पुरावे लागले असते की दिव्यापेक्षा तारच महाग पडली असती.

एडिसन यांनी हा गुंता दुसऱ्या टोकाने सोडवला. तारेला हात न लावता त्यांनी दिवा बदलला. दिव्यातला तंतू इतका बारीक आणि विरोध करणारा घेतला की प्रत्येक दिवा थोडासाच प्रवाह ओढील. मग सगळे दिवे दोन तारांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे वेगवेगळे टांगले. एक पायरी काढली तरी शिडी उभीच! १८७९ च्या ऑक्टोबरात त्यांचा कोळशाच्या तंतूचा दिवा तासन् तास तेवत राहिला. इकडे इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी जोसेफ स्वान यांनीही त्याच सुमारास आपला दिवा लोकांपुढे पेटवून दाखवला होता. चकवा खरा ठरला. पुढे प्रीससाहेबांच्या स्वतःच्या विंबल्डनच्या घरातसुद्धा विजेचे दिवे लागले.

पण एडिसनच्या शिडीत एक गोम आहे, आणि माझ्या गॅरेजातल्या गाठीचे मूळ तिच्यातच आहे. पायऱ्या वेगळ्या असल्या तरी शिडीचे दोन खांब सगळ्यांचे एकच. प्रत्येक दिवा आपापला प्रवाह ओढतो, आणि त्या साऱ्यांची बेरीज मागच्या तारेला वाहावी लागते. नवा दिवा लावणाऱ्याला नवा उजेड दिसतो. तारेच्या खांद्यावर वाढलेले ओझे दिसत नाही.

स्वान यांचे दिवे अगदी आरंभी ज्या घरांत लागले त्यांतले एक इंग्लंडच्या उत्तर भागातले क्रॅगसाइड. तोफांचे कारखानदार विल्यम आर्मस्ट्रॉंग यांची ही हवेली. डोंगरातल्या पाण्यावर चक्र फिरवून त्यांनी आपली वीज आपणच केली आणि १८८० साली घरात स्वान यांचे दिवे लावले. दिवे एकूण ४५. पण आर्मस्ट्रॉंग यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की एका वेळी त्यांतले ३७ पेक्षा जास्त त्यांना कधी लागत नाहीत. एका दालनातला उजेड बंद करून तो दुसऱ्या दालनात नेता येतो. आपल्या चक्राची ताकद किती, हे मालकाला ठाऊक होते! त्यांच्या ग्रंथालयातले काही दिवे मीनाकारीच्या फुलदाण्यांवर बसवलेले होते. फुलदाणीच्या बुडाशी पाऱ्याची वाटी. फुलदाणी उचलली की दिवा विझे, ठेवली की लागे. बटणाच्या जन्माआधीचे हे बटण!

*

माझ्या वाचनात एक साल पुन्हा पुन्हा येत राहिले: १८८२. त्या वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसन यांचे वीजघर सुरू झाले. पहिल्या दिवशी सुमारे ४०० दिवे लागले. त्याच वर्षी त्याच शहरात, मॅडिसन अॅव्हेन्यूवर, सावकारांचे सावकार जे. पी. मॉर्गन यांच्या घरात वीज आली. पर्ल स्ट्रीटच्या तारा तिथवर पोचत नव्हत्या. म्हणून घरामागच्या घोड्यांच्या पागेखाली तळघर खणले आणि त्यात वाफेचे इंजिन नि विजेचे यंत्र बसवले. रात्री अकराला यंत्रवाला घरी गेला की दिवे मंदावत जाऊन विझत. पाहुणे गप्पांत रंगलेले असले तरी त्यांना मेणबत्त्या शोधाव्या लागत. शेजारच्या बाईंची तक्रार की यंत्रामुळे आपले घर हादरते. यंत्राखाली रबर घाल, भिंतीला वाळूची पोती लाव, असे उपाय करावे लागले. हिवाळ्यात तारांच्या चरावरचे बर्फ वितळे आणि त्या उबेला साऱ्या मोहल्ल्यातली मांजरे येऊन बसत. त्याचीही तक्रार झाली.

पण मला त्या घरातली गोष्ट आठवते ती निराळी. घरात दिवे पुष्कळ असताना मॉर्गनसाहेबांच्या मेजावर आणखी एक दिवा हवासा झाला. तो देण्यासाठी गालिच्याखालून तारा नेल्या. कोणाला दिसू नयेत अशा. आणि एके दिवशी त्याच तारांनी पेट घेतला. मेज करपले, गालिचा जळाला, खोलीभर भिजलेल्या राखेचा वास भरला. घर मात्र वाचले. जगातल्या अगदी पहिल्या वीजघरांपैकी एकातली ही आग मुख्य दिव्यांनी लावलेली नव्हती. ती मागाहून घातलेल्या जादा दिव्याच्या झाकलेल्या तारेने लावली होती. मॉर्गन यांनी वीज काढून टाकली नाही. तारा पुन्हा नीट घालून घेतल्या. ती ऐपत आणि ती समज, दोन्ही त्यांच्यापाशी होत्या.

अशा आगी इतरत्रही होऊ लागल्याच असणार, कारण त्याच १८८२ साली लंडनच्या तारयंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेने 'विजेच्या दिव्यांपासून होणाऱ्या आगी टाळण्याचे नियम' छापले. अवघ्या काही पानांची ती पुस्तिका. आज इंग्लंडात घरातल्या तारकामाचा जो जाडजूड ग्रंथ प्रमाण मानतात, त्याची ती पहिली आवृत्ती. तिच्या आरंभी सांगितलेली गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडली. त्यांनी म्हटले आहे की विजेच्या कामातल्या अडचणी बहुतेक आतल्या आणि न दिसणाऱ्या असतात. त्या ओळखायला डोळे पुरत नाहीत, तपासणीच करावी लागते. अमेरिकेत देशभराचे असे नियम व्हायला १८९७ साल उजाडले.

घरातल्या ज्या बारीकसारीक वस्तूंकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्या साऱ्या याच धडपडीत जन्मल्या. फ्यूज घ्या. एडिसन यांच्या माणसांनी तारेच्या मार्गात शिशाचा एक बारीक तुकडा घातला. ओझे मर्यादेबाहेर गेले की तोच आधी वितळायचा आणि मार्ग तोडायचा. घरातली सर्वांत दुबळी तार मुद्दाम ठेवायची आणि घरासाठी तिने मरायचे, अशी ती योजना. बटण घ्या. विजेचा मार्ग सावकाश तोडला तर मध्ये ठिणगी ताणली जाते आणि बटण भाजून निघते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली आत कमान घालून असे बटण केले की बोट कितीही आळसावलेले असो, तोड झटक्यातच व्हावी. भिंतीवर जो 'खट' आवाज होतो तो या विचाराचा आवाज आहे.

आणि छतावरची ती गोल डबी घ्या. वायरमन तिला सीलिंग रोज म्हणतात. रोज म्हणजे गुलाब! श्रीमंतांच्या छताला जिथे झुंबर टांगायचे तिथे चुन्याचे एक मोठे फूल करण्याची रीत होती. झुंबर गेले, तिथे विजेचा दिवा लोंबू लागला; चुन्याचे फूल गेले, पण चिनी मातीच्या आणि पुढे बेकेलाइटच्या डबीला फुलाचे नाव राहिले. या फुलाच्या पोटातच सगळे जोड असतात. झाकण फिरवून बसवले की ते पुन्हा वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही.

*

आता गॅरेजाकडे येऊ. मॉर्गनसाहेबांचे वीजयंत्र पागेखाली होते हे मी मुद्दाम सांगितले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली ती बहुधा घोड्यांचीच. पागेतून घोडे निघाले आणि मोटारी शिरल्या. गॅरेज हा शब्द फ्रेंचांचा. आडोशाला, सुरक्षित ठेवणे असा त्याच्या मूळ धातूचा अर्थ. पण घोडा आणि मोटार यांत एक मोठा फरक होता. घोड्याजवळ कंदील नेला तर घोडा फार तर बुजेल. मोटारीजवळ उघडी ज्योत नेली तर खोली पेटेल.

याचे कारण पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा जड असते. वर न जाता जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, खड्ड्यात साचते. अमेरिकन नियमांत मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात जमिनीपासून १८ इंचांपर्यंतची हवा धोक्याची धरतात. ठिणगी पाडू शकेल अशी कोणतीही साधी वस्तू त्या पातळीच्या खाली बसवायची नाही असा दंडक आहे. म्हणजे गॅरेजात विजेचा दिवा हवा, तो काचेत बंद हवा, आणि तो उंच हवा. छतावरचा दिवा ही इथे शोभेची गोष्ट नव्हती. ती जीव वाचवण्याची जागा होती. एकाच दिव्याखाली यंत्र उघडून वाकणाऱ्या माणसाची सावली नेमकी यंत्रावरच पडते, म्हणून एकाऐवजी अनेक दिवे लावणे ओघाने आले. माझ्या विद्यार्थिनीची तक्रार आणि मोटारीच्या मेकॅनिकची तक्रार एकच!

आपल्याकडे वीज उशिरा आली असे आपण समजतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ सालीच. तो प्रयोग टिकला नाही. दिवे लावणाऱ्या कंपनीला पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळावा लागला. १९०५ साली नव्या कंपनीने मुंबईला वीज द्यायला सुरुवात केली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, आणि १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटातून खोपोलीला उतरवून टाटांनी त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले आणि खांब गावोगाव निघाले.

गावात वीज आली तेव्हा घराघरात एक दिवा आला. आमच्या आजोळी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात दिवा बसवला होता. अर्धा उजेड स्वयंपाकाला, अर्धा ओटीला. पण माणसाची गरज एका दिव्यावर थांबत नाही. पुढे रेडिओ आला, इस्त्री आली, आणि भिंतीत प्लगची सोय नव्हती. मग दिव्याच्या होल्डरमध्ये अडकवायचा प्लग मिळू लागला, आणि बायाबापड्या दिवा काढून तिथे इस्त्री लावू लागल्या. यात आपणच भोळे होतो असे नाही. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी १९०४ साली ज्या प्लगचे पेटंट घेतले तोही दिव्याच्या होल्डरमध्येच बसवायचा होता. साऱ्या जगाने आपापल्या छतावरच्या दिव्याला आधी दुभती गाय समजून पिळले आहे.

या भोळेपणाला बांध घालायला कायदे झाले. १९१० चा वीज कायदा, १९५६ चे नियम, आणि आता २००३ चा कायदा. परवानाधारक माणसाकडूनच तारकाम करून घ्यावे, हे त्यात आले. आपल्याकडच्या तारकामाचा जुना पाठ असा की दिव्यांच्या एका शाखेवर दहापेक्षा जास्त ठिकाणे नसावीत आणि सारे मिळून ८०० वॉटच्या पुढे जाऊ नये. प्रत्येक वायरमनला हे पाठ असते. मला मात्र पाठ नव्हते, आणि मी वायरमनला विचारलेही नव्हते.

*

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर. तो जॉइंट मी मारला होता.

अठरा वर्षांपूर्वी आम्ही परसात पाण्याची मोटार बसवली. अर्ध्या अश्वशक्तीची. तिला वीज कुठून द्यायची? गॅरेजातली ती डबी जवळ होती. वायरमनचे पैसे वाचवावे म्हणून मी रविवारी शिडी लावली, डबी उघडली, दोन तारा सोलल्या, त्यांच्याभोवती दुसऱ्या दोन पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि झाकण लावले. मोटार चालली. सौ.ने कौतुक केले. पण आठवड्यात दोनदा फ्यूज गेला. दिव्याच्या शाखेवरचा फ्यूज तो. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालताना तीनेक अँपिअर ओढते, पण सुरू होतानाचा तिचा हिसका त्याच्या कितीतरी पट असतो. फ्यूज आपले काम करत होता. मी चिनी मातीचा तो कटआउट काढला आणि बारीक तारेच्या जागी हाताला लागली ती जाड तार घालून टाकली. वडील तेव्हा होते. त्यांनी विचारले, "फ्यूज का जातो रे सारखा?" मी म्हणालो, "आता नाही जात." ते समाधानाने मान हलवून आत गेले.

त्या दिवसापासून घरातली सर्वांत दुबळी तार फ्यूजात उरली नाही. ती माझ्या पिळलेल्या गाठीत गेली.

मी गणित शिकवतो, म्हणून त्या रात्री कागद घेऊन बसलो. सैल पडलेल्या, गंजत चाललेल्या जोडाचा विरोध एक ओम जरी धरला, तरी तीन अँपिअरच्या वर्गाने नऊ वॉटची उष्णता होते. नऊ वॉट म्हणजे काहीच नाही. पण ती हरभऱ्याएवढ्या गाठीत, बंद डबीत, रोज अर्धा तास. तापला की जोड आणखी सैल होतो, सैल झाला की विरोध वाढतो, विरोध वाढला की आणखी तापतो. आमच्याकडे नळाला पाणी संध्याकाळी येते. साडेसात वाजता सौ. मोटार लावते. म्हणजे सहा वर्षे, वीस-बावीस मुले खाली मान घालून माझी गणिते सोडवत असताना, त्यांच्या डोक्यावर ती गाठ करपत होती. कोपऱ्यात पेट्रोल भरलेली स्कूटर. आणि थंडीच्या दिवसांत गल्लीतली कुत्री आत येऊ नयेत म्हणून शटर अर्धे खाली ओढलेले.

त्यापुढचे गणित मी केले नाही.

काकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेच मला अधिक लागले. त्यांनी तीन दिवस काम केले. पाण्याच्या मोटारीला बोर्डापासून स्वतंत्र तार दिली. दिव्यांची जुनी लाकडी पट्टी उतरवून नळीतून नव्या तांब्याच्या तारा नेल्या, सोबत हिरवी अर्थिंगची तार. कटआउट काढून तिथे आपोआप पडणारे बटण बसवले. त्याच्या शेजारी आणखी एक असे बसवले की वीज मार्ग सोडून भलतीकडे, म्हणजे एखाद्या मुलाच्या अंगातून, जाऊ लागली तर क्षणात तोड व्हावी. शेवटी छताच्या चार कोपऱ्यांना चार एलईडी ट्यूब लागल्या. प्रत्येकी वीस वॉटच्या. चारही मिळून ऐंशी. वडिलांनी लावलेला मधला दिवा एकटा शंभर वॉटचा होता! ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल मूळच्या जपानी अशा तिघा संशोधकांना २०१४ साली नोबेल मिळाले. चौपट दिवे आणि ओझे आधीपेक्षा कमी. प्रीससाहेबांना दाखवायला हवे होते. पण माझी चूक दिव्यांच्या ओझ्यात नव्हतीच. नवे दिवे जुन्या जागी टांगून मी मोकळा झालो असतो, उजेड छान पडला असता, आणि डबीचे झाकण पुन्हा लागले असते.

त्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी पहिली ओळ सोडून मुद्दाम मागे जाऊन बसून पाहिले. शून्य शून्य दिसले, सहा सहा दिसले.

ती करपलेली गाठ मी काडेपेटीत घालून मेजावर ठेवली आहे. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मुलांना फुलबाज्या वाटल्या, आणि नेहमीप्रमाणे त्यांतल्या एकाने न विचारता काडेपेटी उघडली. काळी वस्तू हातोहात फिरली. हे काय, म्हणून विचारणा झाली. मी डबीची, फ्यूजाची, पाण्याच्या मोटारीची सगळी हकिकत सांगितली. मुले छताकडे पाहू लागली. मग ज्याने काडेपेटी उघडली होती त्यानेच काकांचा प्रश्न विचारला.

"सर, पण हा जॉइंट मारला कुणी?"

"मी," मी म्हणालो.